साद एकदाच, मग गप्प: रानकोंबड्याच्या वाटेवर कसं बसावं

फेब्रुवारी लागला की मला फोन यायला लागतात, "ताई, रानकोंबडा बोलायला लागला का?" बोलायला लागलेलाच असतो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली आमची काजूची बागायत जंगलाला लागून आहे. पहाटे चूल पेटवायच्या आधी तीन बाजूंनी तीन नर एकमेकांना उत्तरं देत असतात. फोन करणारे पणजीचे, बेळगावचे, पुण्याचे फोटोग्राफर. येताना लांब लेन्स आणतात आणि खिशात, बांग वाजवून पक्ष्याला बोलवायला, तो छोटा ब्लूटूथ स्पीकर. आल्या आल्या मी स्पीकर काढून घेते आणि फडताळात ठेवते. चहा मग देते.

आमच्याकडचा रानकोंबडा म्हणजे करडा रानकोंबडा, दक्षिण आणि पश्चिम भारताचाच पक्षी. तांबडा रानकोंबडा गोव्यात नाही. नराच्या मानेवरची पिसं जवळून पाहिलीत तर प्रत्येकाच्या टोकाला लाखेचा थेंब गोठावा तसा पिवळा, चकचकीत ठिपका असतो. त्या ठिपक्यांपायीच हा पक्षी एकेकाळी फार मारला गेला. परदेशात मासे गळाला लावायच्या कृत्रिम माश्या ह्या पिसांपासून बनवत. पाऊस सुरू झाला की नर मानेची ही पिसं गाळतो आणि पावसाळाभर मान काळपट, साधी दिसते. तेव्हा जुलैत येऊन "तो पिवळ्या मानेचा कुठे आहे" असं विचारू नका. फेब्रुवारी ते एप्रिल हा खरा हंगाम.

माझ्या सासऱ्यांच्या तरुणपणी गावात ठासणीच्या बंदुका होत्या आणि पारध व्हायची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद झालं, बरं झालं. पण पक्ष्याच्या वाटेवर बसायची विद्या मला त्यांच्याकडूनच मिळाली. माझी चुळबूळ सुरू झाली की मामंजी मान न वळवता पुटपुटत, "तो येतलो. तूं ओगी राव." (तो येईल. तू गप्प राहा.) पुढे लिहिते ते सगळं ह्या दोन वाक्यांतच आहे, पण एवढ्यावर पुण्याचा माणूस दोन तास बसत नाही, म्हणून खुलासा करते.

आधी संध्याकाळी ऐका

फोटो सकाळी मिळतो, पण काम आदल्या संध्याकाळी होतं. सूर्य मावळायच्या सुमारास बागायतीच्या कडेला नुसते उभे राहा. रानकोंबडी झाडावर किंवा बांबूच्या बेटात रात्र काढतात. वर चढताना पंखांची फडफड होते, थोडी कुरकुर होते, नर एखाद-दोनदा आरवतो. ती जागा लक्षात ठेवा आणि तिच्या जवळ जाऊ नका. रात्रीच्या जागेखालीच ठाण मांडणारे मी पाहिलेत. पक्षी दुसऱ्या दिवशी जागा बदलतो आणि ह्यांचा हंगाम संपतो.

सकाळी तो झाडावरून उतरतो आणि चरायला कडेकडेनं उघड्यावर येतो. कडा म्हणजे जंगल संपून बागायत सुरू होते ती रेघ, कुळागराचा, म्हणजे पोफळीच्या बागेचा, बांध, जुनी गाडीवाट, आटत आलेल्या ओहोळाचं पात्र. तिथे उकरलेला पाचोळा शोधा. रानकोंबड्यानं उकरलेली जागा ताटाएवढी असते, पानं मागे उडवलेली, मधली माती ओलसर आणि उघडी. रानडुकरानं केलेलं काम असेल तर ते नांगरल्यासारखं खोल असतं, गोंधळ होणार नाही. एकाच वाटेवर अशा चार-पाच जागा ताज्या दिसल्या की तुमची बैठक ठरली. रात्रीचं झाड आणि ही जागा यांच्या मधोमध न बसता, चरायच्या जागेपासून वीसेक पावलांवर, उगवता सूर्य पाठीशी येईल असं बसा.

काजूच्या हंगामात एक अडचण असते. बोंडू गोळा करायला बायामाणसं उजाडताच बागेत शिरतात, कारण उशीर केला तर वाटा माकडांना जातो. त्यामुळे ज्या बागेत आज वेचणी आहे तिथे बसण्यात अर्थ नाही. मालकाला विचारा, तो सांगतो. शिगम्याच्या दिवसांत मात्र उलट होतं. रात्रभर ढोल-ताशे वाजतात, गाव उशिरा उठतो आणि सकाळी बागा ओस असतात. मी माझ्या पाहुण्यांना मुद्दाम त्या दिवसांत बोलावते. जागरण करून आलात तर मात्र घोराल, आणि घोरणं रानकोंबड्याला मुळीच आवडत नाही.

आवाज वाचायला शिका

गावठी कोंबडा चार वाजता ओरडून घर उठवतो, त्याची बांग लांब आणि सलग असते. रानातल्याची तुटक, कर्कश असते: "कुक्, काय्या-काय्या, कुक्". एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुष्कळांना माहीत नसतं ते हे, की बांग संपल्यावर तो अगदी हळू, जणू स्वतःशीच, "क्युकून, क्युकून" असं म्हणतो. ही शेपटी लांबून ऐकूच येत नाही. ती ऐकू आली की समजायचं, पक्षी जवळ आहे, आता बोटसुद्धा हलवायचं नाही. नुसती बांग ऐकून अंतर ठरवू नका. दरीत आवाज फिरतो, समोरच्या डोंगरावरचा नर मागच्या बांबूत असल्यासारखा वाटतो.

दुसरा आवाज पाचोळ्याचा. खर्र, खर्र, मग शांतता, मग परत खर्र. दोन-तीनदा उकरतो, थांबतो, टिपतो, मान वर करून पाहतो. सातभाईही पानं उलटतात, पण ते सतत बडबडत असतात. मुंगूस, घोरपड थांबे न घेता सरळ जातात. हा ठेका कानात बसला की पक्षी दिसायच्या आधी तो कुठून येतोय ते कळतं आणि कॅमेरा वेळेत वळवता येतो.

तिसरा आवाज "कुक-कुक-कुक" असा घाईचा, कापरा. तो भीतीचा. तो आला की त्या दिवशी त्या पक्ष्याला सोडून द्यायचं. आणि भृंगराज पक्ष्याच्या आवाजावर फार विश्वास ठेवू नका, तो दुसऱ्यांच्या नकला करतो.

साद द्यावी का, आणि कधी

एकदा आमच्याकडे राहायला आलेला एक अमेरिकन पाहुणा टर्कीचा, म्हणजे तिकडच्या मोठ्या रानपक्ष्याचा, शिकारी निघाला. तिकडे वसंतात ही शिकार कायदेशीर आहे, परवाना लागतो, आणि बहुतेक राज्यांत त्या हंगामात फक्त नर मारायची मुभा असते. त्यानं पडवीत बसून खिशातून तळहातात मावेल अशी पाटीच्या दगडाची चकती काढली. तिच्यावर लाकडी काडी पेन्सिलीसारखी धरून छोटी वर्तुळं काढली आणि "क्यांव, क्यांव, क्यांव" असा आवाज निघाला. अंगणातल्या माझ्या कोंबड्यांनी एकदम माना वर केल्या. टर्कीच्या मादीची साद ती. काही शिकारी झाकण घासून वाजणारी लाकडी पेटी वापरतात, काही तोंडात टाळूला चिकटवायची रबराची पट्टी. हात मोकळे राहतात म्हणून मुरलेल्यांना ती पट्टी आवडते.

मग त्यानं जे सांगितलं ते मी सगळ्यांना सांगते. टर्कीच्या रीतीत मादी नराकडे चालत जाते. नर पिसारा फुलवून, आवाज देत एका जागी उभा असतो. शिकारी मादीचा आवाज काढून नराला बोलावतो, म्हणजे त्याला रीत मोडायला सांगतो. नर उत्तर देतो, थोडा जवळ येतो आणि झाडीच्या आड अडून बसतो: आता तू ये. नवशिका घाबरतो आणि आणखी साद देतो. जितकी साद, तितकी नराची खात्री की मादी येतेच आहे, मग तो कशाला हलेल? जाणता शिकारी अशा वेळी चकती खिशात घालतो आणि गप्प बसतो. मादी एकाएकी गप्प झाली, गेली की काय, म्हणून नर शोधत येतो. आणि येताना पुष्कळदा आवाज न करता येतो. आवाज थांबला तेव्हा "गेला" म्हणून उठणारा माणूस नेमका त्याच वेळी उठतो, असं तो हसत म्हणाला. मामंजी तेव्हा नव्हते, नाहीतर दोघांचं छान जमलं असतं.

आपल्याकडच्या स्पीकरची गोष्ट वेगळी आहे, आणि वाईट आहे. त्यावर वाजते ती नराची बांग, म्हणजे परक्या नराचं आव्हान. ऐन विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत कोणी घुसला म्हटल्यावर इथला नर चरणं सोडून धावत येतो, तोरा दाखवतो, कोणी सापडत नाही, परत धावतो. मादी जवळपास जमिनीवरच, झुडपाखालच्या उथळ खळग्यात अंड्यांवर बसलेली असते. तुमच्या गोंधळानं ती उठली तर मुंगसाला आणि सापाला वाट मोकळी. फोटोही काही खास येत नाही: ताठ मान, मिटलेली पिसं, वेडावलेला डोळा. म्हणून माझा नियम: अभयारण्याच्या हद्दीत कसलीही साद द्यायची नाही. तोंडानंसुद्धा नाही.

बागायतीत मी एक गोष्ट करू देते. हातानं पाचोळा उकरणं. तीन बोटं वाकवून कोरड्या पानांत खर्र, खर्र, थांबा, परत एक खर्र. बस. कोणीतरी निवांत चरतंय एवढंच त्यातून कळतं. त्यात आव्हान नाही, भीती नाही. त्यानं पक्षी येतोच असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला पाय सरळ करायचा असेल, लेन्स फिरवायची असेल, तर त्या आवाजाखाली करून घेता येतं आणि जवळ आलेला पक्षी बुजत नाही. टर्कीवाले हेच करतात, पाहुण्यानं सांगितलं तेव्हा मला मजा वाटली. पण एकदा उकरलंत की हात मांडीवर. उत्तर आलं तर अजिबात परत उकरायचं नाही. ज्यानं उत्तर दिलं त्याला तुमची जागा कळलेली असते, त्याला पत्ता दोनदा सांगायची गरज नाही.

बसणं

सूर्योदयाच्या निदान अर्धा तास आधी जागेवर पोचा. मार्चच्या मध्यावर इथे साधारण पावणेसातला उजाडतं, म्हणजे सव्वासहाला तुम्ही बसून स्थिर झालेले हवेत. विजेरी जमिनीकडे धरा. पहाटे गवे बागायतीतून परत जंगलाकडे जात असतात. वाटेत दिसले तर थांबायचं, बाजूला व्हायचं, आणि फोटोचा मोह धरायचा नाही.

झाड असं निवडा की खोड तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद असेल. अमेरिकेत हा नियम जिवाचा आहे, मागून दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी येऊ नये म्हणून. आपल्याकडे तो आकृती लपावी आणि कंबर टिकावी म्हणून. टेकायच्या आधी वर पाहा. काजू आणि आंब्यावर पानं शिवून केलेली हुमल्यांची, म्हणजे चावऱ्या तांबड्या मुंग्यांची, घरटी असतात. खाली बसलात तर सुरुवातीला काही होत नाही, मग एक मानेवर उतरतो, मग त्याचे भाऊबंद. एका मुंबईच्या साहेबांनी समोर नर उभा असताना शर्ट काढला होता. मुळांच्या बेचक्यात, दगडाखाली काठीनं चाचपून घ्या. फुरसं आणि चापडा हे दोन्ही विषारी साप न हलता पडून राहतात.

कपडे मळकट, धुवून विटलेले, पांढरे सोडून कुठलेही. लष्करी ठिपक्यांचे महागडे कपडे लागत नाहीत. पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षा चांगले दिसतात, पण त्याहून आधी त्यांना हालचाल दिसते, आणि आपल्या अंगात सगळ्यात जास्त हलतात आणि चमकतात ते हात आणि चेहरा. मी जुनी सुती ओढणी डोक्यावरून नाकापर्यंत घेते. हातात विणलेले मोजे चालतात. कॅमेरा आधीपासून गुडघ्यावर किंवा छोट्या तिपाईवर, नजरेच्या उंचीला. पक्षी दिसल्यावर कॅमेरा उचलायचा असेल तर तुम्ही तयार नव्हता. शटर निःशब्द करा. सावलीत उजेड फार कमी असतो, आयएसओ वाढवायला घाबरू नका. टिपताना त्याची मान सतत झटके देते, म्हणून शटरचा वेग 1/500 सेकंदाच्या खाली नेलात तर अंग स्वच्छ आणि डोकं पुसट येईल.

फोन विमान मोडवर, पिशवीत. स्टीलचा डबा घरी. चहा परत आल्यावर मिळेल.

आता थांबण्याविषयी. लोक समजतात की धीर हा स्वभाव असतो, कुणाकडे असतो, कुणाकडे नसतो. मला तसं वाटत नाही. माणूस उठतो तो कंटाळ्यानं कमी, आणि पाय बधिर झाले, दगड टोचला, लघवी लागली म्हणून जास्त. बसायच्या आधी खालचे खडे काढा, जाड गोणपाट घडी करून घाला, रात्री पाणी बेतानं प्या, आणि गुडघे उंच ठेवून बसा, मांडी घालून नको. एवढं केलंत की दोन तास सहज निघतात. घड्याळ पाहू नका. मी पाहुण्यांना समोरचं एक खोड दाखवते आणि सांगते, ऊन त्याच्या बुंध्याला टेकेपर्यंत उठायचं नाही.

बसल्यावर पहिला काही वेळ सगळं जंगल तुमच्याविषयीच बोलत असतं. सातभाई ओरडतात, खारी चिरचिरतात. ते बंद होईपर्यंत तुम्ही आलेलेच नाही असं समजा. मग बांग जवळ येते. आणि मग तो अडतो, करवंदीच्या जाळीमागे, चाळीस-पन्नास पावलांवर. आवाज येतो, पक्षी दिसत नाही. पुण्याच्या एका फोटोग्राफरना इथे मी डोळ्यांनी विनवत होते. ते उठून जाळीकडे दोन पावलं गेले. नर उडालासुद्धा नाही, शेपूट खाली करून पळाला, आणि पाचोळ्यात तो आवाज लांब जाताना आम्ही दोघांनी ऐकला. त्या जागी तो आठवडाभर आला नाही.

अडला की काहीच करू नका. उकरू नका, वाकून बघू नका. बांग थांबली की खरं काम सुरू होतं. आता तो एकतर परत फिरलाय किंवा चालत येतोय, आणि तुम्हाला दोन्हीतला फरक कळायचा मार्ग नाही. म्हणून शांत झाल्यापासून पुढचा अर्धा तास येतोय असंच धरून बसायचं. माझ्याकडचे चांगले फोटो बहुतेक ह्या शांत अर्ध्या तासातले आहेत. पुष्कळदा आधी मादी येते, तपकिरी, छातीवर पांढरे खवले असल्यासारखी, दोन झुडपांच्या मधून मान काढते. तिचा फोटो काढायला हरकत नाही, पण एकच, आणि हळू. ती निवांत चरू लागली की नर मागून येतो. ती बुजली तर तो येणार नाही.

मानेचे पिवळे ठिपके समोरून उठत नाहीत. पक्षी थोडा तिरका, ऊन बाजूनं, मान खाली, अशा वेळी एकदम चमकतात. त्या क्षणासाठी तीन-चार फोटो घ्या आणि बोट काढा. पन्नास फोटोंचा पट्टा लावणाऱ्यांना घरी जाऊन त्यातले सत्तेचाळीस पुसायचेच असतात.

एक मजेची गोष्ट सांगून टाकते. गावठी कोंबडीचे पाय पिवळे असतात ना, त्या पिवळ्या कातडीचं जनुक मुळात ह्याच करड्या रानकोंबड्याकडून आलं, असं 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तेव्हापासून माझ्या अंगणातल्या कोंबड्यांकडे मी जरा आदरानं बघते.

उठताना

पक्षी गेल्याशिवाय उठू नका. तो स्वतःहून चरत झाडीत शिरला, पाचोळ्याचा आवाज मिटला, मग थोडं थांबा आणि आलात त्याच वाटेनं परत जा. नव्या वाटेनं झुडपांत शिरलात तर अंड्यांवर पाय पडू शकतो. विडी-सिगारेट तर अजिबातच नको. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले होते, ते आम्ही इथून पाहिलेत. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला आगीतून पळता येतं, अंड्यांना येत नाही.

आणि शेवटी गोचिडी. ही गोष्ट मी थट्टेत सांगत नाही. 2015 पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो पाचोळ्यातल्या गोचिडीच्या चाव्यानं होतो. त्याचा हंगाम आणि आपला हंगाम एकच, उन्हाळ्याचा. लांब बाह्या, विजार मोज्यांत खोचलेली, उघड्या अंगाला आणि मोज्यांवर कीटकरोधक मलम. उघड्या पाचोळ्यावर बसायचं नाही, गोणपाट घालायचंच. मेलेलं माकड दिसलं तर त्या भागात थांबू नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, आणि अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागची खाच, कानामागे नीट तपासा. चिकटलेली दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. चिरडू नका, तेल ओतू नका, काडी लावू नका. पुढच्या काही दिवसांत एकाएकी ताप, डोकेदुखी आणि अंग मोडून येणं झालं, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की सत्तरीच्या जंगलात बसलो होतो.